'माझा काय म्हणणा नाय': वाडीच्या बैठकीत आपण कसे बोलतो

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. वाडीच्या सामायिक विहिरीत रात्रभरात पाझरून चढेल तेवढंच पाणी, आणि सकाळी साडेनऊला तळाचा कातळ उघडा. कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही. पाणी उताराने समुद्राला मिळतं आणि एप्रिल-मेमध्ये आम्ही कळशा घेऊन रांगेत उभे. त्या आठवड्यात देवळाच्या पडवीत बैठक बसली. विषय एकच होता, मोटर कधी लावायची.

भाऊची निवास-न्याहारी आहे. सुट्टीचे पाहुणे आलेले, म्हणून तो सकाळी सातला मोटर लावायचा. तात्यांनी दोन वर्षांपूर्वी कातळावर चाळीस नवी कलमं लावलेली. ती या उन्हाळ्यात वाचली तर वाचली, म्हणून त्यांनाही सकाळचंच पाणी हवं होतं. आणि काकी सत्तरी ओलांडलेल्या, अजून हाताने शेंदणाऱ्या. मोटर चालू असली की त्यांची कळशी तळाला आपटून रिकामी वर यायची.

मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो. पहिली दहा मिनिटं पाण्यावर बोलणं झालं. मग तात्या म्हणाले, "तू नेहमी असाच करतंस." भाऊ म्हणाला, "कोण नेहमी?" तात्या म्हणाले, "तुझ्या बापाशीन पण असाच केल्यान." तिथून पुढे तासभर गडग्याची हद्द निघाली, तीस वर्षांपूर्वीचं एक लग्न निघालं, देवळाच्या वर्गणीचा जुना हिशोब निघाला. शेवटी कोणीतरी काकींकडे वळून विचारलं, तुमचं काय म्हणणं? काकी म्हणाल्या, "तुमी ठरवा, माझा काय म्हणणा नाय." बैठक संपली. घरी जाऊन वही उघडली तर दोन पानांच्या इतिवृत्तात पाण्याबद्दल चार ओळी होत्या.

त्या चार ओळी मला फार लागल्या. मी स्वतः त्या बैठकीत एक शब्द बोललो नव्हतो, आणि बाहेर पडल्यावर पाणवठ्यावर मात्र दोघांबद्दल भरपूर बोललो होतो. त्यानंतर या विषयावर जे मिळालं ते वाचत गेलो. माणसं गटात का भांडतात, बोलणं कुठे बिघडतं, यावर शंभर वर्षं अभ्यास चालू आहे. बहुतेक लिखाण कंपन्या आणि कचेऱ्यांसाठी आहे. पण देवळाच्या पडवीत, मच्छीमार सोसायटीत, मुंबईकर मंडळाच्या सभेत नेमकं तेच घडतं, म्हणून ते आपल्या भाषेत मांडतो.

मुद्दा सुटतो ती जागा

कॅरन जेन या अमेरिकन संशोधक बाईंनी 1995 साली गटांमधल्या भांडणांचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक कामावरून होणारा वाद: मोटर सकाळी की दुपारी, पालखी आधी कुठल्या घरी, सभामंडपाला पत्रा की कौलं. दुसरा माणसावरून होणारा वाद: तू आपमतलबी, तुमचं घर पहिल्यापासून तसलंच. पहिला वाद पुष्कळदा उपयोगाचा असतो. तो झाला नाही तर चुकीचा निर्णय सगळ्यांच्या माना डोलवून पास होतो. दुसऱ्या वादातून गटाच्या हाती काहीच लागत नाही, आणि माणसं पुढच्या बैठकीला यायची बंद होतात.

अडचण अशी की पहिल्यातून दुसऱ्यात आपण कधी घसरलो ते कळत नाही. कान दिला तर मात्र ती जागा ऐकू येते. "नेहमी", "कधीच", "तुम्ही लोक", "तुमच्यात" हे शब्द आले की मुद्दा हातातून गेला असं समजावं. आमच्या बैठकीत तो "तू नेहमी" या दोन शब्दांत गेला. त्या क्षणी कोणी नुसतं म्हणालं असतं, "तात्यानू, आजच्या मोटरीचा बोलूया," तरी गाडी वळली असती. मी म्हणू शकलो असतो, वही माझ्याच हातात होती.

आपल्याकडे हे घसरणं जास्त सोपं आहे, कारण आपली माणसं एकमेकांची नुसती शेजारी नसतात. तीच माणसं भावकीत असतात, गावकीत असतात, सातबाऱ्यावर एकमेकांच्या नावाखाली असतात आणि भजनात शेजारी बसतात. एका जागचा राग दुसऱ्या जागी निघायला वाट तयारच असते. वड्याचं तेल वांग्यावर निघतं, आणि वांग्याला कळतही नाही की आपलं काय चुकलं.

त्याची मोटर आणि माझी मोटर

एका दिवशी भाऊची मोटर साडेदहापर्यंत चालू राहिली होती. तात्यांनी अर्थ काढला, हा मुद्दाम करतो. मागच्या वर्षी तात्यांचीच मोटर रात्रभर चालू राहिली होती, तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की वीज गेली होती, मोटर बंद करायची राहिली. दोन्ही वेळा घडलं तेच. फरक एवढाच की स्वतःच्या चुकीला आपण परिस्थितीचं कारण देतो आणि दुसऱ्याच्या चुकीला स्वभावाचं. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये या सवयीला नाव दिलं. दुसऱ्याकडे बघताना त्याच्याभोवतीची परिस्थिती आपल्याला दिसतच नाही, नुसता माणूस दिसतो, असं त्याचं म्हणणं. वाईट माणसंच असं करतात असं नाही. आपण सगळे करतो, आणि ज्याच्याशी आधीच पटत नाही त्याच्या बाबतीत जास्त करतो.

भाऊच्या घरी त्या सकाळी काय झालं होतं ते नंतर कळलं. एका पाहुण्याच्या लहान मुलाला उलट्या सुरू झाल्या होत्या, भाऊ त्याला घेऊन दवाखान्यात गेला होता, आणि मोटर बंद करायला घरात कोणी नव्हतं. हे त्याने बैठकीत सांगितलं नाही. कारण कोणी "काय झालं होतं?" असं विचारलंच नाही, सगळ्यांनी "का केलंस?" असं विचारलं. या दोन प्रश्नांत केवढं अंतर आहे ते मोठ्याने म्हणून बघा. पहिल्याला माणूस हकिगत सांगतो, दुसऱ्याला बचाव करतो.

मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन माणसाने आयुष्यभर हेच शिकवलं, की बघितलेलं आणि ठरवलेलं वेगळं ठेवा. "मोटर सकाळी सात ते साडेदहा चालू होती" हे बघितलेलं. "तू सगळ्यांचं पाणी उपसतोस" हे ठरवलेलं. पहिल्या वाक्यावर वाद घालायला जागा नसते. त्यानंतर स्वतःचं सांगायचं: माझी कलमं सुकतायत, मला भीती वाटते. मग मागायचं ते नेमकं मागायचं: उद्यापासून नऊला बंद करशील का? चार पायऱ्या आहेत: काय दिसलं, काय वाटलं, कशाची गरज आहे, काय हवंय. आमच्या पुरुषांना दुसरी पायरी फार अवघड जाते. "मला भीती वाटते" म्हणण्यापेक्षा "तू चोर आहेस" म्हणणं आम्हाला सोपं वाटतं, आणि याची किंमत आम्ही पिढ्यानपिढ्या मोजत आलो आहोत.

खिडकीची गोष्ट

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जवळची वाटली ती मेरी पार्कर फॉलेट. 1868 मध्ये जन्मलेली अमेरिकन बाई, समाजकार्यात घडलेली. तिने 1925 मध्ये एक व्याख्यान दिलं, त्यात ती एक साधी हकिगत सांगते. ती ग्रंथालयात बसली होती. दुसऱ्या वाचकाला खिडकी उघडी हवी होती, तिला बंद हवी होती. खिडकी उघडी किंवा बंद, एवढंच बघितलं असतं तर एकाने जिंकायचं नाहीतर अर्धी उघडी ठेवून दोघांनी कुरकुरायचं. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. कारण त्याला हवी होती ताजी हवा, आणि तिला नको होता अंगावर येणारा उत्तरेचा वारा. त्याचा हट्ट खिडकीसाठी नव्हता आणि तिचाही नव्हता.

फॉलेट म्हणते, मतभेद मिटवायच्या तीन तऱ्हा. एकाने दुसऱ्याला दाबणं. दोघांनी थोडंथोडं सोडणं. आणि तिसरी, दोघांच्या मुळातल्या गरजा भागतील अशी नवी वाट काढणं. मधल्या तऱ्हेला आपण फार मान देतो. "अर्धा तू सोड, अर्धा तो सोडील" म्हणणारा माणूस गावात शहाणा ठरतो. पण ज्याने सोडलेलं असतं त्याच्या मनात ते राहतं, आणि पुढच्या वादात व्याजासकट वर येतं. तिसरी वाट प्रत्येक वेळी सापडत नाही, हे फॉलेटनेही मान्य केलं होतं. पण शोधायच्या आधीच आपण अर्ध्यावर येतो, हे खरं दुखणं आहे.

आमच्या विहिरीला ही गोष्ट लावून बघितली. पहिल्या बैठकीनंतर आठवड्याने तिघांकडे मी वेगवेगळा गेलो आणि एकच विचारलं: सकाळचंच पाणी का? भाऊ म्हणाला, पाहुण्यांच्या आंघोळी सकाळी असतात, नळ कोरडा पडला तर ते पुन्हा येणार नाहीत. म्हणजे त्याला सकाळी नळाला धार हवी होती. छपरावरची टाकी आदल्या दिवशी भरलेली असली तरी त्याचं काम होणार होतं. तात्या म्हणाले, ऊन चढायच्या आधी मुळाशी पाणी गेलं पाहिजे. संध्याकाळी दिलं तर? "संध्याकाळी अधिकच बरा," तात्या म्हणाले, "पण तेव्हा विहिरीत असता काय?" दुपारभर विहीर बंद ठेवली तर थोडं चढतं, हे त्यांना ठाऊक होतं, ती बंद राहील यावर त्यांचा विश्वास नव्हता.

काकींकडे गेलो तेव्हा त्या खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होत्या. पाण्याचं विचारल्यावर आधी तेच म्हणाल्या, माझा काय म्हणणा नाय. मी बसून राहिलो. चहा झाला, काजूचा भाव बोलून झाला. मग त्या म्हणाल्या, "माका दोन कळश्ये होये, पण उजाडताना. उजाडल्यार उन्हात माझ्यान चढण चढवत नाय." दोन कळशा, साडेसहाच्या आधी. संपूर्ण वाडीत सर्वांत कमी पाणी काकींना हवं होतं, आणि ते किती, केव्हा, हे वाडीला ठाऊकच नव्हतं.

मग वेळ ठरली. सातपर्यंत मोटर नाही, हाताने शेंदणाऱ्यांनी शेंदायचं. सात ते साडेआठ घरगुती पाणी, त्यातच भाऊची टाकी एक दिवसाआड. पुढे विहीर विसावेल. संध्याकाळी साडेपाचला कलमांचं पाणी, तेही एक दिवसाआड, आणि तात्यांनी आळ्यांत पातेरा (सुका पाला) घालायचा म्हणजे ओल टिकते. पाणी वाढलं नाही. तरीही तिघांचं भागलं.

आपण कुठल्या जातीचे भांडखोर?

इथे मला वाचणाऱ्याला जरा थांबवायचं आहे. वरच्या गोष्टीत कोण चुकलं हे शोधणं सोपं आहे. आपण स्वतः कसे वागतो हे बघणं कठीण.

केनेथ थॉमस आणि राल्फ किल्मन या दोघांनी 1974 मध्ये भांडणात माणसं कशी वागतात याच्या पाच रीती मांडल्या. आपलं म्हणणं किती रेटायचं आणि समोरच्याचं किती जपायचं, या दोन मापांवर त्या बसतात. आपल्या भाषेत सांगायचं तर रेटणारा, सोडून देणारा, टाळणारा, अर्ध्यावर तोडणारा आणि बसून उकलणारा. कुठलीही रीत मुळात वाईट नाही. दर्याला उधाण असताना तांडेलाने होडीवर मतं मागवू नयेत, तिथे रेटायचंच. आरतीला आधी कोण उभं राहणार यावर सोडून द्यावं. दोघं प्यायलेले असतील तर टाळावं. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा माणसाकडे एकच रीत असते आणि ती तो सगळीकडे वापरतो.

मी टाळणारा. चाळीस वर्षं मला वाटत होतं की मी शांत स्वभावाचा आहे. "बघूया", "तुम्ही ठरवा", "माझं काही नाही" ही माझी तीन वाक्यं. पण बैठकीत गप्प बसून नंतर पाणवठ्यावर बोलणारा माणूस शांत नसतो. तो आपलं मत अशा जागी मांडतो जिथे त्याचं उत्तर द्यावं लागत नाही. हे मान्य करायला मला बराच काळ लागला.

टाळण्याचं एक रूप फार फसवं आहे. जेरी हार्वी या प्राध्यापकाने 1974 मध्ये स्वतःच्या सासुरवाडीचा प्रसंग लिहिला. टेक्सासमध्ये कडक उन्हाळ्यात घरची चार माणसं मागच्या पडवीत निवांत बसलेली. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जेवायला जाऊया का? बाकीचे हो म्हणाले. 53 मैल धुळीतून, बिनगारव्याच्या गाडीतून जाऊन, बेचव जेवून परत आल्यावर कळलं की जायचं कोणालाच नव्हतं. सासऱ्यांनीसुद्धा, बाकीच्यांना कंटाळा आला असेल म्हणून विचारलं होतं. हार्वीचं म्हणणं असं, की गटाला भांडण जेवढं भोवतं तेवढीच न बोललेली सहमतीही भोवते. वाडीत किती खर्च या रीतीने झाले ते ज्याचं त्याने आठवावं. मुंबईकर मंडळाला वाटतं गावकऱ्यांना हवंय, गावकऱ्यांना वाटतं मुंबईकरांना हवंय, आणि कमान उभी राहते.

मात्र काकींची गोष्ट वेगळी आहे, आणि ती माझ्याबरोबर एकाच टोपलीत घालू नये. त्या टाळत नव्हत्या. बैठकीत पुरुष बोलतात, बायका मागे उभ्या राहून ऐकतात, हे त्यांनी सत्तर वर्षं बघितलं. त्यांच्या "म्हणणा नाय"चा अर्थ होता, इथे माझ्या म्हणण्याला जागा नाही. मानकऱ्यांच्या जुन्या व्यवस्थेत कोणी आधी बोलायचं, कोणी बसायचं आणि कोणी उभं राहायचं हे जन्मावर ठरत होतं. बायकांना आणि गावातल्या कित्येक घरांना तिथे आवाजच नव्हता. त्या शांततेला समजूतदारपणा म्हणणं हा अन्याय आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. जगभरातले पाण्याचे पाट, कुरणं आणि मासेमारीच्या जागा गावकरी स्वतः कशा सांभाळतात, याचा त्यांनी अभ्यास केला. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही गोष्टी सारख्या दिसल्या. ज्यांच्यावर नियम लागू होतो त्यांना नियम ठरवण्यात वाटा असतो. चुकणाऱ्याला पहिल्यांदा हलकी शिक्षा, मग वाढत जाणारी. आणि तंटा सोडवायची जागा जवळची, स्वस्त आणि लगेच मिळणारी असते. काकींना बैठकीत बोलतं करणं हा दयेचा मामला नाही. त्या बोलल्या नाहीत तर नियमच टिकत नाही.

मधेच बोलणं

आमच्याकडे चारजण एकदम बोलतात. नव्याने आलेल्या सुनांना, विशेषतः शहरातून आलेल्यांना, सुरुवातीला वाटतं की घरात भांडण चाललंय. डेबोरा टॅनन या भाषा-अभ्यासक बाईंनी दाखवलं आहे की काही माणसांत दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलणं ही आपुलकीची खूण असते: मी ऐकतोय, मी तुझ्यात आहे. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना तेच तोंड दाबल्यासारखं वाटतं. दोघंही भले असतात, दोघांचाही अपमान होतो.

2009 मध्ये जगातल्या 10 भाषांवर एक अभ्यास झाला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो, असं त्यात दिसलं. जपानीत सर्वांत कमी वेळ, डॅनिशमध्ये सर्वांत जास्त. मराठी त्या यादीत नव्हती. इतक्या कमी वेळात उत्तर येतं याचा अर्थ, समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर रचायला लागलेलो असतो. साध्या गप्पांत ते चालतं. वादात तेच घात करतं, कारण त्याचं अर्धंच ऐकून आपण पूर्णाला उत्तर देतो. यावर मला एकच उपाय साधला आहे. उत्तराआधी त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत परत सांगायचं: "म्हणजे तुझं असं म्हणणं की टाकी भरली तर सकाळची मोटर नको. बरोबर?" कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये हे ऐकण्याचं तंत्र म्हणून मांडलं. आधी ते कृत्रिम वाटतं. पण अर्ध्या वेळी समोरचा म्हणतो, "नाय, तसा नाय," आणि मग जे सांगतो ते मी समजलो होतो त्यापेक्षा वेगळं निघतं.

रागाचं शरीरही समजून घेतलं पाहिजे. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं नवरा-बायकोचे वाद प्रयोगशाळेत बघितले, बोलणं टिपलं, नाडी मोजली. नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की माणसाला ऐकू आलेलं नीट समजत नाही. तो हल्ला करतो नाहीतर दगडासारखा गप्प होतो. उतरायला निदान 20 मिनिटं लागतात, आणि त्या वेळात मनातल्या मनात भांडत बसलं तर ती उतरतच नाही. म्हणून आता आमच्या बैठकीत आवाज चढला की चहा येतो, आणि चहापर्यंत मुद्दा बोलायचा नाही असं ठरलंय. चहा करायला मात्र दरवेळी बायकांनी उठायचं नाही, हेही ठरलं. नाहीतर शांतता राखायची जबाबदारी पुन्हा त्यांच्यावरच.

ग्रुपवरचं भांडण

बैठकीत चाळीस माणसं असतात, वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीडशे. त्यात मुंबई, पुणे, आखाती देश सगळे. अक्षरांत आवाज नसतो, हे आपल्याला माहीत असून आपण ते विसरतो. 1990 मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची, ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं. ऐकणाऱ्याला नुसती टकटक. "ठीक आहे." हा संदेश लिहिताना आपल्या डोक्यात हसरा सूर असतो. दुबईत रात्रपाळी करून आलेल्या भावाला त्यात नुसती टकटक ऐकू येते, आणि राहिलेला सूर तो आपल्या मनातला घालतो.

ग्रुपवर हिशोब टाकावा, वेळ कळवावी. ज्या वाक्याने कोणाला लागेल असं वाटतं ते ग्रुपवर लिहू नये, फोन करावा. दीडशे जणांसमोर कोणी माघार घेत नाही. एकट्याला फोनवर सहज घेता येते.

आपल्याकडचं काय?

हे सगळं परदेशातून शिकावं लागतं असं मी मानत नाही. गाऱ्हाण्याचंच बघा. देवासमोर उभं राहून एकजण गावाचं म्हणणं मांडतो: चुकलंमाकलं पदरात घे, घरातली इडापिडा जाऊ दे, पोराबाळांना सांभाळ. आणि प्रत्येक वाक्यावर सगळे मिळून म्हणतात, "व्हय म्हाराजा." तक्रार आहे, पण ती कोणाच्या अंगावर टाकलेली नाही. चूक आहे, पण ती सगळ्यांची मिळून कबूल केलेली आहे. ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही तेसुद्धा एका सुरात "व्हय" म्हणतात. तंटा त्याने सुटत नाही, पण सगळ्यांनी एकाच बाजूला उभं राहायची सवय मोडत नाही.

रापणीचंही तसंच. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकून येतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं ओढतात. मिळेल ती मासळी ठरलेल्या वाट्याने वाटली जाते. आदल्या रात्री कितीही हमरीतुमरी झाली असली तरी सकाळी दोन्ही टोकांना माणसं लागतातच. एकत्र काम आहे म्हणून भांडण एका मर्यादेपलीकडे ताणता येत नाही. ज्या वाड्यांत असं एकही काम उरलं नाही, सगळं पैशाने आणि ठेकेदाराकडून होतं, तिथले अबोले मला जास्त लांबलेले दिसतात.

आणि एक ठामपणे सांगतो. सगळंच बोलून सुटत नाही, आणि तसं सांगणं घातक असतं. घरात बाईला मारहाण होत असेल, कोणी धमकावत असेल, बळाने जमीन लाटत असेल, तर "बसून मिटवूया" म्हणजे दुबळ्यालाच आणखी वाकवणं. तिथे पोलीस आहेत, न्यायालय आहे, तालुक्याला विधी सेवा समिती आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्या तंट्यांसाठी 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव समित्या बसल्या. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात तर वस्तीची शांतता बिघडवणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची सोय आहे. मध्यस्थ निकाल देत नाही. दोघांना आपला मार्ग सापडेपर्यंत बोलतं ठेवतो.

सध्या मी एक सवय लावून घेतो आहे. बैठकीहून आल्यावर वहीच्या मागच्या पानावर तीन गोष्टी लिहितो: कोणाला मधे तोडलं, उत्तर माहीत नसलेला खरा प्रश्न कितीदा विचारला, आणि बोलायचं होतं ते काय गिळलं. तिसरा रकाना अजून सर्वांत लांब असतो. गिळलेलं असेल ते दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे जाऊन सांगायचं, पाणवठ्यावर नाही. कधी जमतं.

विहिरीच्या वेळा मोटरीच्या पेटीवर खडूने लिहिलेल्या आहेत. दोन उन्हाळे पाळल्या गेल्या. काकी आता बैठकीला पुढे बसतात. पण "तुझ्या बापाशीन पण असाच केल्यान" हे वाक्य काही पुसलं गेलेलं नाही. भाऊ त्या दिवसापासून तात्यांच्या ओटीवर चढलेला नाही.

गेल्या चतुर्थीला भजन घरोघर फिरत तात्यांकडे आलं. पोरं वर गेली. भाऊ खळ्यातच थांबला आणि तिथूनच टाळ वाजवत राहिला. आरती झाल्यावर तात्या करंज्यांचं ताट घेऊन पायऱ्या उतरून खाली आले. भाऊने एक करंजी उचलली. दोघंही काही बोलले नाहीत. तात्या ताट धरून उभे राहिले, भाऊची करंजी संपेपर्यंत.